टोकावरून धुराडं दिसतं का

रेगेइराल,
शनिवार, फेब्रुवारी संपत आला

ती. शेनेरोसाताईस,

धाकट्या देल्मीरोचा वाकून नमस्कार (वाकून हे लिहिण्यापुरतं, गुरुवारपासून माझे गुडघे वाकायला तयार नाहीत, कारण पुढे येईलच). इकडे जे आहेत ते सगळे खुशाल आहेत. जे नाहीत त्यांच्यापैकी एकाविषयीच हे पत्र आहे. तुझा रक्तदाब कसा आहे? ब्वेनोस आयरेसात आता उकाडा असेल. उकाड्यात मीठ कमी खावं असं आमचा डॉक्टर म्हणतो, पण तो थंडीतही तेच म्हणतो, त्यामुळे त्याचं फारसं मनावर घेऊ नकोस. तू पाठवलेला लोकरी गळपट्टा मिळाला. साठ वर्षं परदेशात राहूनही तुला आमच्या वाऱ्याची आठवण आहे हे बघून बरं वाटलं.

तर ताई, गुरुवारी मी आपल्या एलादियोला घेऊन सान आन्द्रेसला जाऊन आलो. दचकू नकोस. एलादियो नोव्हेंबरात वारला हे तुला कळवलंच होतं आणि त्यात काही बदल झालेला नाही. पण तो आयुष्यात एकदाही सान आन्द्रेसच्या देवळाला गेला नव्हता, आणि जो जिवंतपणी तिथे गेला नाही त्याला मेल्यावर जावंच लागतं, हे तू इतक्या वर्षांत विसरली असलीस तरी बाल्बीनावहिनी विसरलेली नाही. कुणी घरचं माणूस सोबत नेलं तर ठीक. नाहीतर सरडा, बेडूक किंवा गोगलगाय होऊन सरपटत जायचं. वहिनीला रोज स्वप्नात गोगलगाय दिसू लागली. तिचं स्वतःचं खुबा मोडल्यापासून चालणं बंद. उरलो मी. मी म्हटलं, उन्हाळ्यात नेतो, जत्रेच्या वेळी बस थेट देवळापर्यंत जाते. तर म्हणाली, “नको भावोजी, उन्हाळ्यात काय ती गर्दी असते! त्यात ते हरवतील.” म्हणून हा फेब्रुवारी. (हरवण्याची ही गोष्ट लक्षात ठेव.)

माझा या सगळ्यावर विश्वास नाही हे तुला माहीत आहे. पण विश्वास नसणं वेगळं आणि बघायला न जाणं वेगळं. मला खरं तर कुतूहल होतं, आणि ते निराळ्याच गोष्टीचं. अकरा वर्षांपूर्वी, वडिलांच्या श्राद्धाच्या जेवणात, सूप वाढून झाल्यावर एलादियो म्हणाला की सान आन्द्रेसच्या वरच्या टोकावरून आपल्या घराचं धुराडं दिसतं. मी म्हटलं, शक्यच नाही, मध्ये डोंगराचा खांदा येतो. तो म्हणाला दिसतं. मी म्हटलं नाही. दोघांपैकी एकही वर गेलेला नव्हता. सूप निवलं, मटण निवलं, आणि त्या दिवसापासून आमचं बोलणंही निवलं ते कायमचं. मध्ये फक्त एक गल्ली, त्याचं दार माझ्या दारासमोर, पण “त्याला सांग त्याच्या छपराचं कौल सरकलंय” असं मी वहिनीला सांगायचो, आणि ती तीन हातांवर उभ्या असलेल्या नवऱ्याला तेच शब्द सांगायची. वर जाऊन बघून येणं हा सोपा उपाय होता. पण मी गेलो असतो तर त्याला वाटलं असतं मला खात्री नाही, आणि तो गेला असता तर मला तसंच वाटलं असतं. म्हणून दोघंही घरी बसलो.

तेव्हा यात्रेचा बेत ठरल्याबरोबर वहिनीने स्वतःहून सांगितलं की गुरुवारी बारा वाजता ती चुलीत ओला पाला घालून धूर करील. “एकदाचं बघून टाका दोघं,” म्हणाली, “म्हणजे मी सुटले.” शिवाय मला एक बंद पाकीट दिलं. ते एलादियोच्या रविवारच्या कोटात सापडलं होतं आणि त्यावर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं: देल्मीरोला दाखवू नये. मी म्हटलं, मग मला कसं देतेस? तर म्हणाली, “त्यांच्यासमोर उघडा. म्हणजे चोरी होत नाही.”

गुरुवारी सकाळी सातला कबरस्तानात गेलो. नियम असा की थडग्यावर टकटक करून माणसाला बोलवायचं आणि मग वाटभर त्याच्याशी बोलत राहायचं: आता बसमध्ये चढ, आता उतर, इथे वळण आहे, इथे दम खाऊ. गप्प बसलं की तो मागे राहतो. आता तूच सांग, ज्या माणसाशी अकरा वर्षं बोललो नाही त्याच्याशी सुरुवात काय करायची? मी रात्री दोन-तीन वाक्यं जुळवून ठेवली होती, एकात तर क्षमेचा उल्लेखही होता (माझ्या नव्हे, त्याच्या क्षमेचा, म्हणजे त्याने मागायच्या). ऐन वेळी टोपी काढली, दगडावर टकटक केलं आणि तोंडातून निघालं, “चल.” बस्स, एवढंच. आणि तो आला असावा, कारण फाटकातून बाहेर पडताना मी सवयीने त्याच्यासाठी बाजूला झालो. जिवंतपणीही सगळीकडून तोच आधी बाहेर पडायचा.

बसमध्ये मी दोन तिकिटं मागितली. आमारो ड्रायव्हरने माझ्या मागे पाहिलं आणि म्हणाला, “एलादियो का?” मी म्हटलं, हो. “दोघांचं जाऊन-येऊन?” मी म्हटलं, माझं जाऊन-येऊन, त्याचं फक्त जाण्याचं. आमारोने मान हलवली आणि म्हणाला, “मग त्याला पुढे बसव. मागे बसला की त्याला मळमळतं.” बसमध्ये माझ्याशिवाय एक बाई होती. चाळीस जागा रिकाम्या सोडून तिला टोपली नेमकी एलादियोच्या जागेवर ठेवायची होती. मी म्हटलं, बाई, इथे माणूस बसलाय. तिने टोपली उचलली, जागेची माफी मागितली आणि मग मला विचारलं, कोण वारलं? मी सांगितलं. ती म्हणाली, “चांगले होते हो, जरा हट्टी.” मी म्हटलं, जरा?

सेदेइराला उतरून आम्ही चालायला लागलो. हंगामात या वाटेवर मेणबत्त्या घेतलेल्या बायका, ढोल, तळलेल्या माशांचे वास असं सगळं असतं म्हणे. परवा कुणीही नव्हतं. पिवळी फुलं आलेली काटेरी झुडपं, निलगिरीची झाडं, डाव्या हाताला खाली समुद्र, आणि रात्री पाऊस पडून गेल्यामुळे वाटभर गोगलगायी. शेकड्यांनी, ताई! आणि या वाटेवर मुंगीसुद्धा मारायची नाही, कारण कोण कुणाच्या घरचा चालत निघालाय कुणास ठाऊक. ज्याचा विश्वास नाही त्यानेही पाय जपून टाकावा हे उत्तम, म्हणून मी दारू प्यायल्यासारखा नागमोडी चाललो होतो. पण मला त्यांच्याकडे बघत राहावंसं वाटू लागलं. एक गोगलगाय अगदी मधोमध, घाई नाही, बाजूला होणं नाही. ती नक्कीच सरकारी कचेरीतली. दोन एकमेकींना चिकटून चाललेल्या, त्या बहुतेक पलीकडच्या वाडीतल्या जुळ्या बहिणी, ज्यांनी आयुष्यभर एकच छत्री वापरली. एलादियोला मी हे सगळं सांगत होतो. “इथे चिखल आहे. उजवीकडून ये. ही बघ, ही तुझ्या शाळामास्तरांसारखी मान वर करते.” मलाच नवल वाटत होतं की मी किती बोलतोय. प्रश्नही खूप पडले. तो पुढे चालतोय की मागे? त्याला थंडी वाजते का? चढावर दम लागतो का, की ती कटकट आता माझ्या एकट्याचीच?

तासाभराने एका वाडीत एक खानावळ उघडी दिसली. आत बाराही महिने बसणारी असावी अशी मालकीण एकटीच बसली होती, नाव कासिल्दा. मी कॉफी मागितली, दोन. तिने विचारलं, “दुसरे यायचेत?” मी म्हटलं, आलेत. तिने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, दुसरा कप तिथे ठेवला आणि विचारलं, “हे साखर घेतात?”

ताई, मला आठवेना. सख्खा भाऊ, चौऱ्याहत्तर वर्षं त्याच गल्लीत काढली, आणि तो कॉफीत साखर घालतो की नाही हे मला आठवेना. लहानपणी आपल्याकडे साखरच नसायची, आणि पुढे अकरा वर्षं मी त्याच्या कपाकडे बघायचं टाळलं. मी म्हटलं, नाही घेत. काहीतरी उत्तर द्यायला हवं म्हणून. आणि मग मला तिथे बसवेना. घड्याळात पावणेदहा झाले होते, बाराला धूर होणार होता, पैसे ठेवले आणि तरातरा निघालो. मला वर पोचायचं होतं. मला जिंकायचं होतं, खोटं कशाला बोलू.

चाळीस मिनिटं चढ चढल्यावर वाटेत एक बेडूक आला. भलामोठा, बाजूला व्हायला अजिबात तयार नसलेला. मी म्हटलं, “सांभाळ, बेडूक आहे,” आणि एकदम थांबलो. काहीतरी चुकलं होतं. उत्तर आलं नव्हतं. उत्तर आधीही येत नव्हतं, हे मला कळतं, मी काही खुळा नाही. पण समोर बसून न बोलणारा माणूस आणि समोर नसलेला माणूस यातला फरक मला अकरा वर्षांच्या सरावाने अचूक कळतो. हे दुसरं होतं. खानावळीतून निघताना मी त्याला “चल” म्हटलंच नव्हतं. गर्दी नको म्हणून ज्याला ऐन रिकाम्या दिवसांत आणला, त्याला मी रिकाम्या खानावळीत विसरून आलो होतो.

मी त्या बेडकाशेजारी दगडावर बसलो आणि हिशेब केला. तसाच पुढे गेलो तर बाराला टोकावर. परत गेलो तर दीड वाजणार, धूर संपलेला. धूर बघायचा तर एकट्याने, आणि एकट्याने बघितलं तर मी जिंकलो हे बघायला कोण? आणि तो काय तिथेच बसून राहणार, दुसऱ्याच्या खुर्चीत, बिनसाखरेची कॉफी समोर ठेवून? बेडूक माझ्याकडे बघत होता. मी त्याला म्हटलं, तुमच्या घरचे कुठे आहेत? आणि उतरायला लागलो. गुडघ्यांचं जे काही झालं ते याच उतारावर.

कासिल्दाने कप उचलला नव्हता. उलट टीव्ही लावून ठेवला होता, जुनी फुटबॉलची मॅच. मला बघताच कमरेवर हात ठेवून म्हणाली, “वाटलंच मला! असं सोडून जातात का कुणी? किती वेळचे बिचारे बसलेत!” मी खुर्चीसमोर उभा राहिलो, टोपी काढली आणि म्हटलं, “एलादियो, चुकलं माझं. चल.” (हे मी त्याला आयुष्यात कधीच म्हणालो नव्हतो. इतकं सोपं असतं हे माहीत नव्हतं.) कासिल्दाने एलादियोच्या कॉफीचे पैसे घेतले नाहीत. म्हणाली, प्यायले कुठे ते.

मग आम्ही सावकाश चढलो. वाटेत दगडांची ती रास लागते, जिथे प्रत्येकाने एक दगड टाकायचा आणि अखेरच्या निवाड्याच्या दिवशी दगडांनी साक्ष द्यायची की हा माणूस येऊन गेला. एक माझा टाकला, एक त्याचा. त्याचा जरा मोठा घेतला, नाहीतर ऐकून घ्यावं लागलं असतं. टोकावर पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता, आणि समुद्रावरून धुकं असं चढून आलं की मला माझे बूट दिसेनात. रेगेइराल कुठे, घर कुठे, धुराडं कुठे. धुक्यात कुठेतरी एक गाय हंबरत होती. अकरा वर्षं वाट बघून ही फजिती.

मग मी पाकीट काढलं आणि त्याच्यासमोर उघडलं. आत काय निघालं असेल? तुझं पत्र, ताई. अकरा वर्षांपूर्वीचं. “लाडक्या एलादियो, धुराड्याबाबत तुझंच बरोबर आहे. पण देल्मीरोला सांगू नकोस, तो मनाला लावून घेतो.” मी खाली बसलो. कारण माझ्या कपाटात, हिवाळी मोज्यांच्या खाली, त्याच महिन्याचं तुझं पत्र आहे: “लाडक्या देल्मीरो, धुराड्याबाबत तुझंच बरोबर आहे. पण एलादियोला सांगू नकोस, तो मनाला लावून घेतो.” शब्द न् शब्द तोच, फक्त नाव बदललेलं! आणि आम्ही दोघांनीही तुझं ऐकलं. अकरा वर्षं मी गल्लीपलीकडून त्याच्याकडे बघून मनात म्हणायचो, बिचारा, याला माहीत नाही. आणि तोही पलीकडून माझ्याकडे तसाच बघायचा. मला वाटायचं तो माझा तिरस्कार करतोय. तो माझी कीव करत होता! मी तिथे धुक्यात इतका हसलो की ती गाय गप्प झाली. पत्र त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. मग माझ्याकडचं पाठ होतं, तेही म्हणून दाखवलं.

शेवटी देवळापर्यंत उतरलो. दार बंद होतं, प्रसादाचे रंगीत पाव विकणाऱ्या बायकांची दुकानं बंद, पायऱ्यांवर एक मांजर. दाराला हात लावून सांगितलं की हा एलादियो, रेगेइरालचा, उशीर झाला पण आला. मग त्याला बाकावर बसवलं आणि म्हटलं, बस, मी निघतो आता. परतीच्या वाटेवर सबंध वेळ मी “इथे चिखल आहे” म्हणत होतो. सवय किती लवकर लागते बघ.

असो. तब्येतीला जप, मीठ कमी खा आणि तुझ्या मांजरांना खायला जास्त घाल. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझा धाकटा भाऊ,
देल्मीरो

ता. क. वहिनीला विचारलं. तीन चमचे साखर घ्यायचा. तीन! आणि मी त्याला कोरी कडू कॉफी देऊन वर तासभर फुटबॉल बघत बसवला.

ता. क. २. वर एक गोष्ट लिहिली ती खरी नाही. धुकं नव्हतं. गाय होती, धुकं नव्हतं. आकाश धुतल्या काचेसारखं स्वच्छ होतं. वहिनी मला ओळखून आहे. मी वेळेवर पोचणार नाही हे धरून तिने दोन वाजेपर्यंत धूर चालू ठेवला होता. पांढरा, सरळ वर गेलेला. मी लगेच म्हणणार होतो की धूर दिसणं म्हणजे धुराडं दिसणं नव्हे. तेवढ्यात वारा फिरला, धूर बाजूला झाला, आणि डोंगराच्या खांद्यावरून, बोटभर वर, आपलं धुराडं. एलादियोने बसवलेल्या त्या वाकड्या टोपीसकट. मी त्याला म्हटलं, “दिसतं रे.” त्याला सांगितलं मी. वहिनीला मात्र घरी येऊन सांगितलं, धुकं होतं. तिला सांगायला तोंड उघडलं की धुकंच बाहेर पडतं. इतक्या वर्षांची सवय.

ता. क. ३. म्हणून हे पत्र. वहिनी म्हणते, धुकं होतं तर मग पुढच्या गुरुवारी परत जा, मी परत धूर करते. ती माझीच लाकडं जाळते आहे. तर तू तिला ताबडतोब लिही की लहानपणी तू वडिलांबरोबर टोकावर गेली होतीस आणि धुराडं दिसतं, एलादियोचंच बरोबर होतं. तू कधी गेली नाहीस हे मला ठाऊक आहे. पण तिच्या नवऱ्याचं बरोबर होतं हे तिला कुणीतरी सांगायला हवं, आणि मला जमत नाही. आमच्यासाठी एकाच आठवड्यात दोन पत्रं लिहिलीस, आता हे तिसरं लिही. विमानाने पाठव.

ता. क. ४. विमानाने नको. साध्या टपालाने पाठव, सावकाश येऊ दे. गुरुवारी मी जातोच आहे. थर्मास आणून ठेवलाय, तीन चमचे साखर घालून नेईन.